घड्याळ म्हणतं खा, ट्रेनर म्हणतो नको

पत्र थोडक्यात असं: इंदूरच्या एक वाचक ताई. वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. नोकरी हिशेब विभागात, म्हणजे दिवसभर खुर्ची. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सुटल्यावर साडेसहाला जिम, तिथे पन्नास मिनिटं वजनांचा व्यायाम. रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्कात दीड तास भरभर चालणं, आणि तिथून थेट पोहे-जलेबी. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ‘मध्यम सक्रिय’ आणि ‘आठवड्याला अर्धा किलो’ असं निवडल्यावर त्याने रोजच्या १६०० कॅलरी ठरवून दिल्या. शिवाय मनगटावरचं घड्याळ जिमच्या दिवशी सुमारे ३५० आणि रविवारी ५२० कॅलरी जळाल्या असं दाखवतं आणि अ‍ॅप त्या दिवसाच्या जेवणात तेवढ्या वाढवून देतं. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले. मग पाच आठवडे काटा तिथेच. ट्रेनर म्हणतो, व्यायामाचं जळलेलं परत खायचं नाही, एक घासही नाही. जाऊबाई म्हणतात, एवढे कष्ट करून उपाशी राहिलीस तर केस गळतील. शेवटचे दोन आठवडे ट्रेनरचं ऐकून पाहिलं, तर पायांच्या व्यायामाच्या दिवशी चक्कर आली आणि रात्री साडेदहाला हात सेवेच्या, म्हणजे शेवेच्या, डब्यात गेला. व्यायामाच्या दिवशी जास्त खायचं की नाही, आणि खायचं तर किती?

ताई,

तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत, त्यामुळे पोकळ धीर देण्याऐवजी हिशेबच मांडता येतो. तुम्ही त्याच खात्यातल्या, तेव्हा तो तुम्हाला पटेलही. आधी एक सांगून टाकते: काटा अडला त्यात तुमच्या शरीराचा दोष नाही आणि तुमच्या निग्रहाचाही नाही. अ‍ॅपने एकच व्हाउचर दोनदा पास केलं आहे.

ते कसं, ते बघा. माणूस दिवसभर पडून राहिला तरी श्वास, हृदय, मेंदू, शरीराची ऊब यांवर जो खर्च होतो, तो काढायला मिफ्लिन आणि सेंट जोर यांचं १९९० मधलं सूत्र बहुतेक ठिकाणी वापरतात. वजन किलोमध्ये गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बायकांसाठी त्यातून १६१ वजा करायचे, पुरुषांसाठी ५ मिळवायचे. तुमचं उत्तर येतं साधारण १३५०. या आकड्याला हालचालीच्या मानाने गुणायचं असतं: नुसतं बैठं काम असेल तर १.२, हलकी हालचाल असेल तर १.३७५, मध्यम असेल तर १.५५. तुम्ही ‘मध्यम’ निवडलंत, कारण चार दिवस व्यायाम करता. म्हणजे अ‍ॅपने १३५० ला १.५५ ने गुणलं, सुमारे २१०० आले, त्यातून अर्ध्या किलोसाठी ५०० काढले आणि १६०० तुमच्या हातावर ठेवले. तुमची जिम आणि रविवारचं चालणं त्या १.५५ मध्ये धरलेलं होतंच. मग संध्याकाळी घड्याळाने तोच व्यायाम पुन्हा जमा केला.

दुसरी गोष्ट, तो १.५५ तुमच्या दिनक्रमाला मोठाच आहे. आठ तास खुर्ची, दोन वेळचा स्वयंपाक, थोडी धावपळ, एवढ्याला १.२५ धरा. त्याचे सुमारे १६९० होतात. आता व्यायाम वेगळा मोजू. स्वस्थ बसलेल्या माणसाला किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी लागते. ताशी साडेपाच किलोमीटरच्या चालीने चाललं तर त्याच्या चौपट. पण त्यातली एक पट बसूनही लागलीच असती, म्हणून चालण्याची खरी कमाई तिप्पट: ३ गुणिले ७४ गुणिले दीड तास, म्हणजे ३३० च्या आसपास. वजनांच्या व्यायामात मधली विश्रांती धरून पन्नास मिनिटांची कमाई दीडशे ते पावणेदोनशे. आठवड्याची बेरीज आठशेच्या थोडी वर, दिवसाला वाटून ११५-१२०. तुमचा खरा रोजचा खर्च १८०० च्या आजूबाजूला आहे.

आणि खाल्लं किती? रोजचे १६००, शिवाय घड्याळाने दिलेले आठवड्याला १५७०, म्हणजे दिवसाला सव्वादोनशे. एकूण १८२५. खर्चही तेवढाच, खाणंही तेवढंच. पाच आठवडे काटा हलला नाही तो म्हणून. पहिल्या महिन्यातल्या दोन किलोंत पाण्याचा वाटा असणार. गोड, मैदा, मीठ एकदम कमी केलं की स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा थोडा उतरतो, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही जातं. ते दर महिन्याला होत नाही.

घड्याळाबद्दल लिहायलाच हवं, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत त्याच्या आकड्यावर फार विसंबलेलं दिसतं. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सात मनगटी उपकरणं ६० जणांवर तपासली गेली. नाडी बहुतेकांनी ठीक मोजली. कॅलरींमध्ये मात्र सगळ्यांत अचूक निघालेलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यांत वाईट होतं ते ९३ टक्क्यांनी. कारण सरळ आहे. घड्याळ मोजतं नाडी, आणि नाडीवरून खर्चाचा अंदाज बांधतं. सपाट रस्त्यावर एका लयीत चालताना तो अंदाज बराच जमतो. वजन उचलताना दम धरला जातो, रक्तदाब चढतो, नाडी धडधडते, पण त्या प्रमाणात प्राणवायू वापरला जात नाही. शिवाय दोन सेटच्या मध्ये तुम्ही बाकावर बसलेल्या असता तेव्हाही नाडी वरच असते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही तसंच: शरीर थंड ठेवायला हृदय जास्त धावतं, आणि घड्याळाला वाटतं बाई जास्त चालली. ज्यांना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे त्यांचं उलट होतं. गोळीने नाडी दबलेली असते, म्हणून घड्याळ कमी दाखवतं. शिवाय काही घड्याळं बसूनही लागल्या असत्या त्या कॅलरीही त्याच आकड्यात धरतात. तेव्हा घड्याळ पावलांसाठी आणि वेळेसाठी ठेवा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये व्यायामाच्या कॅलरी जेवणात मिळवण्याचा पर्याय असतो, तो आजच बंद करा.

आता ट्रेनरचं म्हणणं. जळलेलं परत खाऊ नका, हे तुमच्या बाबतीत आकड्याने बरोबर आहे. पण त्याने फक्त किती ते सांगितलं, केव्हा ते सांगितलं नाही, आणि तुमची गाडी तिथेच अडली. दुपारचा डबा एक वाजता. जिम साडेसहाला. जेवण घरी येऊन, सगळ्यांचं वाढून, साडेनऊला. एक ते साडेनऊ या साडेआठ तासांत पोटात दोन चहा, आणि मध्ये मांड्यांचा व्यायाम. रात्री साडेदहाला सेवेचा डबा उघडला गेला यात नवल काय? ते पन्नास मिनिटांच्या व्यायामापेक्षा त्या साडेआठ तासांचं देणं होतं. १०० ग्रॅम सेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. एक मूठ तीस ग्रॅमची धरली तर दोन मुठींत सव्वातीनशे. घड्याळाचे जे साडेतीनशे तुम्ही कष्टाने टाळलेत, तेच रात्री उभ्या उभ्या परत आले, आणि ते अ‍ॅपमध्ये नोंदलेही गेले नाहीत.

चक्कर आली त्याबद्दल. साखर खाली गेली असेल असं लगेच समजू नका; मधुमेहाचं औषध नसलेल्या माणसाची साखर एवढ्याशाने फारशी पडत नाही. स्क्वॉट किंवा लेग प्रेस झाल्यावर रक्त पायांत उतरलेलं असतं, आणि माणूस एकदम थांबला किंवा झटकन उभा राहिला की रक्तदाब क्षणभर पडतो. दुपारपासून पाणी कमी प्यायलेलं असेल तर जास्तच. पुढच्या वेळी सेट संपल्यावर मिनिटभर जागच्या जागी पावलं टाका, आणि चारपासून साडेसहापर्यंत दोन ग्लास पाणी पोटात जाऊ द्या. हे करूनही चक्कर आली, किंवा छातीत दुखलं, धडधड थांबेना, तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं. आणि एकदा हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडसाठीची रक्ततपासणी) तपासून घ्याच. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि या वयात पाळी जास्त जात असेल तर ते नकळत घसरतं. तसं निघालं तर जेवणाच्या मापाचा हा सगळा काथ्याकूट बाजूला ठेवून आधी त्यावर उपचार करायचे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: की रात्री बारा वाजता शरीराचा हिशेब बंद होतो आणि सकाळी कोऱ्या पानावर सुरू होतो. शरीर असं दिवस मोजत नाही. मंगळवारी जास्त झालेला खर्च बुधवारी-गुरुवारी भरून निघतो. खूप जणांना तर जोराच्या व्यायामाच्या दिवशी भूक कमी लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोटात कावळे ओरडतात. म्हणून माप आठवड्याचं ठेवा. तुमचा खर्च दिवसाला १८०० धरला आणि १५०० खाल्लं, तर आठवड्याला २१०० ची तूट पडते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. महिन्याला एक किलो, किंवा थोडं जास्त. हा वेग कमी वाटेल. पण ७४ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला आठवड्याला अर्धा किलो हवा असेल तर १२५० पर्यंत उतरावं लागेल, आणि त्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम काहीच धड बसत नाही. सेवेचा डबा पुन्हा उघडणारच. १३५० च्या खाली जाऊ नका.

आठवड्याच्या १०,५०० कॅलरी दोन तऱ्हांनी वाटता येतात. सातही दिवस १५००, हे सोपं. घरात चार माणसांचा स्वयंपाक एकत्र होतो तिथे हेच टिकतं. दुसरी तऱ्हा: व्यायाम नसलेले तीन दिवस १४२०, व्यायामाचे चार दिवस १५६०. बेरीज तीच. दोन्हींत वजन सारखंच उतरेल. तुम्हाला दुसरी बरी पडेल असं वाटतं, कारण फरकाच्या त्या १४० कॅलरी नेमक्या कुठे ठेवायच्या हे तुमच्या वेळापत्रकातच दिसतंय: सव्वापाच वाजता, ऑफिसमधून निघायच्या आधी. एक मध्यम केळं आणि २५ ग्रॅम भाजलेले फुटाणे, मिळून १९० च्या आसपास. संध्याकाळच्या चहाबरोबरची दोन बिस्किटं सोडलीत तर जमतं. केळं कामाला येतं व्यायामात, फुटाणे रात्रीपर्यंत पोट धरून ठेवतात. पर्समध्ये फुटाण्यांची डबी ठेवून द्या, म्हणजे जिमच्या कोपऱ्यावरच्या कचोरीच्या गाडीपाशी पाय अडखळणार नाहीत.

रात्रीचं जेवण जमलं तर साडेआठला. सगळ्यांचं वाढून मग आपण, ही सवय मोडणं सोपं नाही हे कळतं. निदान घरात आल्या आल्या वाटीभर दही तरी खाऊन घ्या.

या जागी प्रथिनांचं बोलायला हवं, कारण जाऊबाईंचं केस गळण्याचं भय अगदीच निराधार नाही. व्यायामानंतर ‘जास्त’ खाण्यापेक्षा काय खाल्लं याचा तुम्हाला जास्त उपयोग होईल. वजनांचा व्यायाम तुम्ही कॅलरी जाळायला करत नाही आहात, त्या पन्नास मिनिटांत जळतात त्या दीडशेच. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरतात, ते उतरू नयेत म्हणून तो व्यायाम आहे. पण ताटात प्रथिनं नसतील तर तो अर्धाच कामाला येतो. तुमच्या पत्रातला आहार, म्हणजे सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या-भाजी आणि पातळ वरण, रात्री पुन्हा तेच, पुष्कळ ओढून ताणून ४०-४५ ग्रॅम प्रथिनं देतो. तुमच्यासाठी ६५ ते ७५ हवीत. ज्या वजनावर पोचायचं आहे त्याच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, असं ते माप. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे माप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

वाढवायचं कुठून? आपल्या इंदुरात उसळ-पोहे आहेतच. पोहे कोरडे ४० ग्रॅम मोजून घ्या आणि वर अर्धी वाटी मटकीची उसळ, तीही सुकी मटकी २५ ग्रॅम घेऊन केलेली. नुसत्या पोह्यांत ३ ग्रॅम प्रथिनं, उसळीने आणखी ६ येतात. दुपारी तीन पोळ्यांऐवजी दोन, आणि वरण पातळ नको, माणशी ३० ग्रॅम डाळ पडेल असं घट्ट. सोबत दीडशे ग्रॅम दही. रात्री एक दिवस ८० ग्रॅम पनीर, एक दिवस ३० ग्रॅम सोयाबीन वड्या, चालत असतील तर दोन-तीन अंडी. ८० ग्रॅम पनीर आणि ३० ग्रॅम सोयावड्या, दोन्हींत प्रथिनं पंधरा ग्रॅमच. पण पनीरमध्ये सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी आणि वड्यांत शंभरच्या थोड्या वर, म्हणून सोयावड्यांच्या दिवशी एक पोळी जास्त बसते. तरी कमी पडलं तर झोपताना एक ग्लास टोन्ड दूध, आठ ग्रॅम.

तेल डोळ्यांनी ओतू नका. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे ४० कॅलरी. फोडणीला पळी तिरकी झाली की तीन चमचे जातात आणि कळत नाही. आणि सेव. इंदुरात सेव पोह्यांवर पडते, भाजीत पडते, वरण-भातावर पडते, परमलात म्हणजे कुरमुऱ्यांत पडते, आणि तिला कोणी खाणं म्हणत नाही. बंद करा असं सांगणार नाही, सांगूनही टिकणार नाही. आठवड्याचा वाटा म्हणून १०० ग्रॅम एका छोट्या बरणीत काढून ठेवा, पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याच्या शेजारी. ती संपली की सोमवारपर्यंत संपली. मोठा डबा मात्र हाताशी नको.

रविवारकडे येऊ. घड्याळ ५२० दाखवतं, खरे ३३०. सेव घातलेल्या पोह्यांची प्लेट ३०० च्या आसपास आणि १०० ग्रॅम जलेबी साडेतीनशे ते चारशे, म्हणजे त्या नाश्त्याचे सातशे झाले. इंदुरी पोहे स्वतः वाईट नाहीत. वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचं. ती प्लेट तुमचा सकाळचा नाश्ता समजा, वरची सेव निम्मी करायला सांगा, जलेबी दोघींत पन्नास-पन्नास ग्रॅम. मैत्रिणींबरोबरची ती अर्ध्या तासाची बैठक सोडू नका; तिच्यामुळे तर रविवारी पहाटे उठणं होतं. फक्त ‘चालून आलो म्हणून’ हा शब्दप्रयोग सोडा. जलेबी आवडते म्हणून खाल्ली, आणि आठवड्याच्या मापात बसवली, एवढंच. ज्या रविवारी दुपारी घरी दाल-बाफल्यांचा बेत असेल त्या सकाळी जलेबी नाही. तुपात बुडवलेला एक बाफलाच सहज तीनशेच्या वर जातो आणि एकावर कोणी उठत नाही. घड्याळातून आणखी एक तपासा: रविवारी सकाळच्या चालण्यानंतर उरलेल्या दिवसात पावलं किती? दीड तास चालून मग दिवसभर लोळलं, तर सकाळची बरीचशी कमाई दुपारीच परत जाते. हे खूप जणांचं होतं, आणि ते मुद्दाम कोणी करत नाही.

उपासाचंही विचारलं नसलंत तरी सांगते. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या सुमारास, आणि त्या दिवशी पायांचा व्यायाम आला तर त्या दिवसापुरतं गणपतीच्या देवळापर्यंत नुसतं चालून या, जिम दुसऱ्या दिवशी. एकादशीच्या साबुदाणा खिचडीवर भर देऊन व्यायाम करू नका. १०० ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. त्या दिवशी दही, दूध, दाणे, पनीर यांवर भर ठेवा.

या उत्तराने सगळ्यांनीच व्यायामाचं परत खाऊ नये असा अर्थ मात्र कुणी काढू नये. तुमचा व्यायाम आठवड्याला चार तास, बेताचा. समजा एखादी ६५ किलोची मुलगी सुटीच्या सकाळी सायकलने महूला जाऊन येते, पंचेचाळीस किलोमीटर, अडीच तास. तिचा खर्च घड्याळाशिवाय मोजला तरी नऊशेच्या वर जातो. तिने काहीच जास्त खाल्लं नाही तर तिसऱ्या दिवशीपर्यंत पाय जड, झोप मोडकी आणि मग जे हाती येईल ते खाणं, हे ठरलेलं. दीड तासापेक्षा लांब आणि दम लागणारा व्यायाम असेल तर मोजलेल्या खर्चाच्या निम्मं खावं, इथे साडेचारशे-पाचशे. त्यातला काही भाग सायकलवर असतानाच, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं या हिशेबाने: एक मोठं केळं म्हणजे ३० ग्रॅम, चार-पाच खजूर म्हणजे साधारण तेवढंच, नाहीतर गूळ-मिठाचं लिंबूपाणी. उरलेलं घरी आल्यावर, पोळी-वरण-दह्याच्या रूपात. निम्मंच का? कारण मोजण्यात चूक होते ती बहुधा जास्तीच्या बाजूला, आणि निम्म्यावर राहिलं तर दोन्हीकडून फार घसरत नाही. हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी तर लांब पल्ल्याच्या आठवड्यांत वजन उतरवण्याचा नादच सोडावा, आणि स्पर्धा झाल्यावर तूट धरावी.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्या वाचकांसाठी वेगळं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाआधी साखर बघा. ९० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे अर्धं केळं किंवा तीन चमचे साखरेचं सरबत घेऊनच सुरुवात करा. व्यायामात हात थरथरले, घाम फुटला, साखर ७० च्या खाली गेली, तर तेच घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. जवळ साखर ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. हे खाणं ‘वजन उतरेल का’ या हिशेबात धरायचंच नाही. वारंवार लागत असेल तर गोळीचं प्रमाण कमी करायचं का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी चुकवू नका.

आता ताई, पुढचे चार आठवडे. चारच का, तर पाळीच्या आधी काटा अर्ध्यापासून दोन किलोपर्यंत नुसत्या पाण्याने चढतो, तेव्हा या महिन्याचा पहिला आठवडा पुढच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्याशी ताडून बघायचा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही पिण्याआधी वजन करा, आणि सात दिवसांची सरासरी काढा. एकेका दिवसाच्या आकड्याकडे बघू नका. पायांच्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी तो चढलेलाच दिसेल, कारण दुखऱ्या स्नायूंत पाणी धरलं जातं. आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत कंबर मोजा, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. आणि जिममध्ये किती वजन किती वेळा उचललं ते वहीत लिहा.

चार आठवड्यांत सरासरी एक किलोच्या आसपास खाली आली तर काही बदलू नका. अर्ध्या किलोहूनही कमी उतरली आणि नोंदी प्रामाणिक असतील, सेवेसकट, तर रोजच्या १०० कॅलरी कमी करा, तेल आणि पोळीतून, डाळ-दह्यातून नाही. याउलट वहीतली वजनं दर आठवड्याला घसरत असतील, रात्री दोनला जाग येत असेल, हातपाय गार पडत असतील, सारखी सर्दी होत असेल, तर सातही दिवस १०० ते १५० वाढवा आणि महिनाभर तसंच राहू द्या. वजन त्यानेही उतरेल, जरा सावकाश. पाळी तीन महिने आली नाही तर ‘आता वयच झालं’ म्हणून सोडून न देता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. चाळिशीनंतर दोन्ही कारणं असू शकतात, रजोनिवृत्तीची सुरुवात आणि कमी पडणारं खाणं, आणि घरी बसून ती वेगळी ओळखता येत नाहीत.

ट्रेनरला हे पान दाखवायला हरकत नाही. त्याला दोनच गोष्टी सांगा: की मी सव्वापाचला केळं आणि फुटाणे खाऊन येणार आहे, आणि की पायांचा व्यायाम शनिवारी सकाळी हलवता येईल का. तो दिवस तुम्हाला सुटीचा, रात्रीची झोप झालेली, आणि तासाभराने समोर उसळ-पोहे.